शाई संपते तिथला श्वास

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. म्हणाले, "आजी, तुमच्या कारकिर्दीवर लिहा." मी म्हटलं, अहो, कारकीर्द राजेरजवाड्यांची असते. मी पेटी वाजवली. लोकांच्या मागे बसून पन्नासेक वर्षं भाता मारला. त्यावर ते म्हणाले, "मग भात्याचंच लिहा." पुण्यात माणूस असा वाद घालायला लागला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. म्हणून लिहिते आहे. पण सगळं नाही. एका रविवारच्या सकाळचं लिहिते, आणि ती सकाळ कळायला जेवढं मागचं लागतं तेवढंच.

मी पेटी कुणाकडे शिकले नाही. आमचे हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. शेजारच्यांची बदली जबलपूरला झाली. सामान फार झालं म्हणून त्यांनी पेटी आमच्याकडे ठेवली आणि म्हणाले, पुढच्या सुट्टीत नेऊ. ती पुढची सुट्टी काही आली नाही. हे कामावर गेले, मुलं शाळेत गेली की मी रेडिओ लावायची आणि त्यातलं पेटीवर शोधायची. त्या पेटीची एक काळी पट्टी दाबली की वर यायची नाही. नखाने उचलावी लागे. मग मी काय करायची, जे गाणं त्या पट्टीवर अडेल ते सगळंच्या सगळं दुसऱ्या सुरापासून सुरू करायची. असं करता करता कुठल्याही सुराला 'सा' धरून वाजवायची सवय लागली. लोक पुढे म्हणायचे, शकूताईंना कुठलीही पट्टी द्या, त्या लगेच बसतात. सगळं श्रेय जबलपूरला.

साथ म्हणजे काय ते न गाणाऱ्यांसाठी सांगते. गाणारा पुढे असतो, पेटीवाला अर्धं पाऊल मागे. तो जाईल तिकडे जायचं, पण त्याच्या आधी पोहोचायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम असं की गाणारा श्वास घ्यायला थांबला की ती फट आपण सुराने भरायची. श्रोत्यांना वाटतं गाणं अखंड चाललंय. आम्ही याला 'झाकणं' म्हणायचो. चांगला पेटीवाला म्हणजे चांगला झाकणारा. आयुष्यभर मी माणसांचे श्वास झाकले.

कधी कधी श्वासच काय, अख्खं गाणं झाकावं लागतं. बिबवेवाडीला एका बाईंनी मुलाच्या लग्नात गाण्याचा हट्ट धरला होता. जमिनी विकून नवा बंगला झाला होता, मांडवात माणूस मावत नव्हता. बाई उत्साही. पहिली ओळ एका सुरात, दुसरी त्याच्या वरच्या सुरात, कडव्यात तर तिसऱ्याच गावाला. मी गुपचूप मागून फिरत राहिले. गाणं झालं, टाळ्या झाल्या, आणि बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, तुमची पेटी जरा हलतीय का?" मी म्हटलं, "जुनी आहे हो." दुसरं काय बोलणार? साडीचोळी मात्र भारी दिली, खोटं कशाला सांगू.

अशा सगळ्या गिऱ्हाइकांत इंदूताई वेगळी. ख्याल गायची. तिचा दमसास इतका मोठा, की माझ्यावर झाकायची वेळच येत नसे. एका श्वासात ती जी तान घ्यायची ती संपेपर्यंत समोरची माणसंच श्वास रोखून बसायची. आम्ही दोघी एका वयाच्या. मी तिला अगं-तुगं करायची, ती मला करायची. मग तिच्या छातीचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, फुफ्फुसाचा एक भाग काढला. आवाज गेला नाही, दम गेला. पाच-सात शब्द झाले की थांबायची. पूर्वी काळी चारच्या उंच पट्टीत गायची ती उतरत उतरत पांढरी चारवर आली. म्हणाली, "अजून थोडी उतरले की बुवांच्या पंगतीत बसवतील मला." विनोद केला, पण तानपुऱ्याला गवसणी घातली ती घातलीच. शिकवण्या घ्यायची. स्वतः गायची नाही. लोक विचारत, इंदूताई आता गात नाहीत का? आणि विचारताना आवाज असा खाली आणत की जणू ती गेलीच आहे.

ती पुन्हा मैफलीच्या गादीवर बसावी, एवढंच मला हवं होतं. माझा स्वार्थही होता. तिच्यामागे बसल्यावर मला मी कुणीतरी आहे असं वाटायचं.

आमच्या गल्लीत तात्या राहायचे. दफ्तरखान्यात मोडी वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, निवृत्तीनंतर लोकांना जमिनीचे जुने कागद वाचून द्यायचे. जुन्या बाजारातून त्यांनी कुठल्याशा घराण्याच्या कागदांची गाठोडी रद्दीच्या भावात आणली होती. त्यात बायकांची पत्रं निघाली. दोनशे वर्षांपूर्वीच्या बायका, कुणी मोठ्या नाहीत, इतिहासात नाव नाही. मी एकदा चक्कीवरून येताना त्यांच्या ओट्यावर टेकले तर म्हणाले, "शकूताई, इनामाचा कागद असेल तर लोक रांग लावतात. यांना कुणी विचारत नाही. ऐकता का?" आणि वाचायला लागले.

एक बाई वाड्याचा कारभार बघणारी. तिने कारकुनाला झाडलंय: म्हैस आटली, तुम्ही गाभण म्हणोन पाठविली, ती तशी नव्हे, दुसरी पाठविणे. एक आई मोहिमेवरच्या मुलाला लिहिते की थंडीचे दिवस, पांघरूण घेत जाणे. आणि एक म्हातारी, विधवा. तिने बहिणीला लिहिलं होतं: आपण येणार म्हणोन आंगण सारविले. येणे जाहले नाही. पुन्हा सारवू. बहुत काय लिहिणे.

मी पिठाचा डबा तिथेच विसरून घरी आले. हे गाणं आहे, एवढंच डोक्यात.

आता माझी चूक ऐका. पत्र म्हणजे गद्य, गाणार कसं? म्हणून मी एका कवींना गाठलं. त्यांनी हौसेने सगळी पत्रं छंदात बांधून दिली. म्हशीची कामधेनू झाली. म्हातारीच्या अंगणात प्राजक्त फुलला. आणि दर पत्रात पुन्हा पुन्हा येणारं 'आशीर्वाद उपरी विशेष', 'बहुत काय लिहिणे' वगैरे सगळं त्यांनी कापून टाकलं. म्हणाले, हा मजकूर नव्हे, रिवाज आहे. मी चाली लावल्या. इंदूला ऐकवल्या. ती ऐकत होती, एकीकडे शेंगा सोलत. झाल्यावर म्हणाली, "छान आहे. लग्नात वाजवायला चालेल."

मी चिडून तात्यांकडे गेले. तात्या ते काव्य वाचून गालात हसले. "प्राजक्त कुठून आला? सारवलेल्या अंगणात फुलं पडली की आमची आई शिव्या द्यायची." मग मूळ पत्र काढून माझ्यापुढे धरलं. "हे बघा. मोडीत आधी आडवी रेघ मारतात, मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्द तोडत नाहीत, पूर्णविराम नाही. मग माणूस थांबतो कुठे?"

मला काय कळणार.

"बोरू दौतीत बुडवतो तिथे. इथे अक्षर काळंभोर आहे ना? आता पुढे बघा, फिकं, अजून फिकं, आणि इथे पुन्हा काळं. इथे बोरू बुडवला. तेवढा वेळ हात कागदावरून उचललेला. पत्र वाचायचं तर मी असं वाचतो." आणि त्यांनी म्हातारीचं पत्र वाचलं. 'आपण येणार म्हणोन' जोरात, 'आंगण सारविले' पुसट. थांबले. पुन्हा ठसठशीत: 'येणे जाहले नाही.' थांबले.

पाच-सात शब्द झाले की थांबायचं. मी कागदाकडे बघत राहिले. हा तर इंदूचा दम होता. जेवढी त्या बाईची शाई, तेवढाच हिचा श्वास.

मग कवींचं सगळं बाजूला ठेवलं आणि पत्रं जशीच्या तशी घेतली. रिवाज म्हणून कापलेलं पहिल्यांदा परत आणलं. ख्यालात मुखडा असतो, म्हणजे जिथे कुठे भटकलात तरी फिरून यायची ओळ. ती इथे आयतीच होती. म्हैस असो नाहीतर मरण असो, प्रत्येक बाई शेवटी म्हणते, बहुत काय लिहिणे. तोच मुखडा केला. मुलाला लिहिणाऱ्या आईला जौनपुरी दिला. म्हशीवाल्या बाईंना सारंग, कारण त्यांचा राग भर दुपारचा होता. अंगणवालीला भैरवी. दुसरा राग सुचलाच नाही.

इंदूला नेऊन बसवलं. तिने कागदाचा काळा-फिका नीट बघितला, बोट फिरवलं, आणि गायली. पहिल्यांदा थांबली तिथे मी सवयीने फट भरली. मग मलाच ते खटकलं. म्हटलं, "इंदू, इथे मी झाकणार नाही. हात उचलणार."

तिने कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना दिसू दे, हिचा दम संपलाय?"

"शाई संपलीय."

"ते तुला नि तात्यांना माहीत. लोकांना कुठे माहीत? शकू, मी बसेन. पण तू झाकायचंस. नाहीतर मी नाही बसत."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तालमीत कधी झाकायची, कधी नाही. तिचं लक्ष असायचं.

शहरातल्या एका संगीत मंडळाची रविवार सकाळची मैफल असायची. त्यांच्या सेक्रेटरींच्या मी इतकी मागे लागले, की ते मला बघून रस्ता ओलांडायचे. शेवटी म्हणाले, "बरं, पण मुख्य कलाकारांच्या आधी. अर्धा-पाऊण तास. लोक येईपर्यंत." मुख्य कलाकार म्हणजे एक मोठे ख्यालगायक, सगळे नुसतं बुवा म्हणायचे. मी खुशीत घरी आले. यात काय चुकतंय हे माझ्या लक्षातच आलं नाही. रीतसर शिकले असते तर आलं असतं.

मैफलीच्या सकाळी आत तंबोरे लावत होतो तेव्हा सेक्रेटरींनी आमचा कागद वाचला. "अहो शकूताई, शेवटी भैरवी लिहिलीय?"

"हो."

"पहिल्या सत्रात भैरवी? मग बुवांनी काय शंख वाजवायचा?"

रिवाज असा की भैरवी झाली म्हणजे मैफल संपली. भैरवीनंतर कुणी गात नाही. जो शेवटी बसतो त्याचा तो मान. मला हे पाठ होतं, शेकडो मैफलींत मीच ती भैरवी वाजवली होती. पण चाल लावताना मी त्या म्हातारीच्या अंगणात होते, मैफलीत नव्हते. सेक्रेटरी म्हणाले, शेवटचं पत्र गाळा. इंदू म्हणाली, ते गाळायचं तर मी घरी जाते. आणि खरोखर पिशवी उचलली. सुटल्यासारखी दिसली मला ती.

बुवा कोपऱ्यात खुर्चीवर होते. चांगले अंगापिंडाने भरलेले, तोंडात पेपरमिंटची गोळी. म्हणाले, "काय आहे ते शेवटचं? म्हणा बघू एक ओळ."

इंदूने पिशवी हातात घेऊन उभ्याउभ्याच म्हटलं. आपण येणार म्हणोन आंगण सारविले. थांबली. येणे जाहले नाही.

बुवांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मग सेक्रेटरींना म्हणाले, "मी आधी बसतो."

"अहो बुवा, लोक तुमच्यासाठी आलेत. तुमचं झालं की उठतील."

"ज्यांना उठायचंय ते उठोत. भैरवी यांच्याकडे आहे, शेवट यांचा."

इंदू माझ्या कानात म्हणाली, "हा मान आहे का शिक्षा गं?" मलाही कळत नव्हतं. कारण बुवा रंगले की वेळेचं भान ठेवत नसत, आणि त्या दिवशी ते रंगले. त्यांचं संपलं तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. पुण्यातल्या माणसाला रविवारी त्या वेळी काय दिसतं हे मी सांगायला नको. आमटी-भात दिसतो, आणि त्यानंतरची झोप. आम्ही गादीवर जाऊन बसलो तर अर्धा हॉल उभा. दाराशी चपला शोधण्याची झुंबड. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आता आणि काय आहे?" दुसऱ्याने उत्तर दिलं, "पत्रं वाचणारेत म्हणे." "पोस्टमन आहेत का?" आमचा तबलजी दत्तू मान खाली घालून हातोडीने तबला ठोकत बसला. तो लागलेलाच होता.

इंदूने डोळे मिटले. पांढरी चारचा षड्ज लावला. तिचा तो खालचा आवाज मी तोवर बंद खोलीतच ऐकला होता. हॉलमध्ये तो जमिनीवरून सरकत गेल्यासारखा गेला. 'चिरंजीव राजश्री' एवढ्या मायन्यावरच दाराशी एक-दोघं वळले. 'थंडीचे दिवस' झालं, आणि तिचा श्वास संपला.

माझी बोटं पट्ट्यांवर होती. आयुष्यभराची सवय, ती आपोआप पुढे निघाली होती. मी हात उचलला. भाताही थांबवला. माझा हात वर बघून दत्तूचाही हात थांबला.

इंदूने डोळे उघडून माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. हॉलमध्ये तानपुऱ्याची आस सोडली तर काही नाही. वरचा पंखा फिरतोय. शेजारच्या वाड्यात कुकरची शिट्टी झाली. आणि त्या शांततेत इंदूचा श्वास आत घेतलेला ऐकू आला, सगळ्यांना. मग 'पांघरूण घेत जाणे.' पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी नकळत पदर खांद्यावरून ओढून घेतला. भर उन्हाळ्यात.

त्यानंतर इंदूने माझ्याकडे बघितलं नाही.

दुसरं पत्र म्हशीचं. 'तुम्ही गाभण म्हणोन पाठविली.' थांबली. हात वर. 'ती तशी नव्हे.' आणि त्या फटीत हॉल हसला. झाकली असती तर हसायला जागाच राहिली नसती. इंदूच्या ते लक्षात आलं. मला दिसलं, तिच्या ओठाचा कोपरा हलला. पुढच्या वेळी थांबताना तिने कारकुनाकडे बघावं तसं सेक्रेटरींकडे बघितलं. बहुत काय लिहिणे, म्हणून ती समेवर अशी आली की दत्तूने मान उडवली. दाराशी उभे असलेले चपला हातात घेऊन पायऱ्यांवर बसले.

आणि मग भैरवी. निवेदन तात्यांनी केलं. तेवढंच म्हणाले, "या पत्राचा कडेचा भाग फाटलेला आहे. लिहिणारीचं नाव माहीत नाही." इंदू गायली. आपण येणार म्हणोन आंगण सारविले. थांबली. येणे जाहले नाही. पुन्हा थांबली.

आता हे मी सांगते ते फक्त पेटीवालीला कळतं. गाणाऱ्याच्या पाठीवरून आम्हाला दम कळतो. त्या वेळी तिच्यात दम शिल्लक होता. श्वास घेऊन झाला होता, ती गाऊ शकत होती. पण गायली नाही. स्वतःहून थांबून राहिली. सगळा हॉल त्या अंगणात उभा केला आणि तिला हवं तेवढा वेळ उभा ठेवला. मग हळूच, 'पुन्हा सारवू.'

बहुत काय लिहिणे. सम.

टाळ्या उशिरा आल्या, पण आल्या त्या थांबेनात. बुवा पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनी खिशातून पेपरमिंटची पुडी काढली आणि सगळीच्या सगळी इंदूच्या ओंजळीत रिकामी केली. बाहेर पडताना एक टोपीवाले गृहस्थ आमच्यासमोर उभे राहिले. चेहऱ्यावर राग. म्हणाले, "तुमच्यामुळे आमटी गार झाली." दोन पावलं गेले, परत आले. "पुन्हा कधी आहे?" पुण्यात याहून मोठी दाद नसते.

पुढे असे कार्यक्रम आम्ही पुष्कळ केले. साताऱ्याला केले, नगरला केले, येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या बराकीपुढे केला. तिथे 'पुन्हा सारवू'च्या आधीच्या फटीत कुणी खोकलंही नाही. लोक मला संगीतकार म्हणायला लागले, मला अजून त्याची सवय नाही. वाईट दोन गोष्टींचं वाटतं. चांगलं ध्वनिमुद्रण राहिलं नाही, जी एक कॅसेट आहे तिच्यात पंखाच जास्त ऐकू येतो. आणि त्या म्हातारीचं नाव शेवटपर्यंत सापडलं नाही. तात्यांनी जाईपर्यंत ती गाठोडी उपसली. इंदूही आता नाही. पण ती सोळा-सतरा वर्षं गाऊन गेली, तिच्या त्या अर्ध्या दमावर.

त्या दिवशी आम्ही रिक्षाने घरी निघालो. पेटी दोघींच्या मध्ये, तानपुरा तिच्या मांडीवर आडवा, अर्धा बाहेर. मी शिव्या खायच्या तयारीने बसले होते. लकडी पूल ओलांडेपर्यंत ती पेपरमिंट चघळत होती. मग म्हणाली, "शकू, ते 'पुन्हा सारवू'च्या आधी मी पुढच्या वेळी अजून थोडं थांबेन म्हणते. तुला काय वाटतं?"

ती आणखीही काही विचारत होती, कुठल्या श्रुतीबद्दल वगैरे. मला 'पुढच्या वेळी'च्या पुढचं काही ऐकू आलं नाही.